वाचकांचे प्रश्न: सूरेत विषय असे उड्या का मारतात?

प्रश्न: नमस्कार. मी कुरआन तर्जुम्यातून (अनुवादातून) वाचतेय, पण सूरा (अध्याय) जरा मोठी असली की धागाच सापडत नाही. आत्ता नबींची (पैगंबरांची) गोष्ट चाललीये म्हणेपर्यंत एकदम पाऊस, जनावरं, मग कयामत. एक ओळखीचे म्हणाले की हे २३ वर्षांत वेगवेगळ्या प्रसंगांना उतरलंय, त्यात जोड शोधूच नये. खरंय का? आणि शोधायची तर कुठून सुरू करू? अरबी येत नाही.

उत्तर: हा आक्षेप जुनाच आहे, यमनचे शौकानी (मृत्यू १८३४) यांनी तफसीर (कुरआनचं विवरण) लिहिताना जोड शोधणाऱ्यांना याच कारणावरून चांगलंच झापलंय. पण एक गोष्ट लक्षात घ्या, उतरण्याचा क्रम वेगळा आणि तिलावतीचा (पठणाचा) क्रम वेगळा, आणि सूरेतल्या आयतींचा (वचनांचा) क्रम खुद्द पैगंबरांनीच सांगितला असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) मानतात. मग ही आयत हिच्याच शेजारी का, हे विचारण्यात गैर काय? १५व्या शतकात बिकाई नावाच्या पंडितांनी अख्खी तफसीर याच प्रश्नावर लिहिली, आणि अलीकडे हमीदुद्दीन फराही (१८६३-१९३०) आणि त्यांचे शागीर्द अमीन अहसन इस्लाही यांनी तर प्रत्येक सूरेला एक मध्यवर्ती विषय असतो, बाकी सगळं त्याभोवती, असं मांडलं. याला ते नज्म म्हणतात.

सुरुवातीला दुसरी सूरा, बकरा, घेऊ नका, २८६ आयतींत दमछाक होईल. मी म्हणेन २३वी सूरा घ्या, मुमिनून, ११८ आयती. आधी तफसीर बाजूला ठेवा आणि पेन्सिलीने फक्त विषय बदलतो तिथे रेघ मारा. पहिल्या ११ आयतींत ईमानवाल्यांचे (श्रद्धावंतांचे) गुण येतात, नमाजपासून सुरू होऊन नमाजवरच संपतात आणि मग जन्नतचा वारसा. मग माणूस मातीपासून कसा घडतो, मरतो, परत उठवला जातो. मग पाऊस, बागा, जनावरं, आणि २२व्या आयतीत जनावरांवर आणि जहाजांवर तुम्हाला वाहून नेलं जातं असं येतं, आणि लगेच २३व्याला नूह, महापुरात जहाज बांधणारे नबी! म्हणजे ज्याला तुम्ही उडी म्हणताय तिथे चक्क जहाज उभं आहे. पुढे ३५व्या आयतीत एका नाव न सांगितलेल्या नबीची कौम म्हणते की मेल्यावर माती आणि हाडं झालो की परत उठणार कसे, आणि ८२व्यात मक्केवाले जवळपास तेच बोलतात, तेव्हा कळतं की जुन्या कौमांच्या गोष्टी कुणाला ऐकवल्या जातायत ते. सुरुवात ईमानवाले सफल झाले अशी, आणि ११७वी आयत म्हणते की इन्कार करणारे सफल होत नाहीत.

हे दिसायला लागलं की नशाच चढते, आणि मग लोक प्रत्येक सूरेत वर्तुळं (शेवट सुरुवातीला जुळतो आणि मधोमध मुख्य मुद्दा) काढत सुटतात. बकराच्या १४३व्या आयतीत 'मधली उम्मत' (मधला समुदाय) येते आणि २८६ चं निम्मं १४३, हे तुम्ही ऐकलं असेलच. छान वाटतं, पण आयती मोजायच्या जुन्या पद्धती एकाहून जास्त आहेत, २८५ आणि २८७ अशीही मोजणी आहे, त्यामुळे अशा गणितावर मी तरी भिस्त ठेवत नाही. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम हे पंडित १३व्या शतकातच म्हणून गेलेत की जोड शोधणं चांगलं, पण विषय खरंच जुळत असेल तरच, उगाच ताणू नका. जी जोड समजवायला दोन पानं लागतात ती बहुतेक वेळा आपणच घातलेली असते.

अरबीचं म्हणाल तर तर्जुम्यात विषयांची मांडणी बऱ्यापैकी कळते, दोन तर्जुमे शेजारी ठेवले तर अजून बरं. यमक मात्र हरवतं आणि त्यासाठी कान वापरा. सूरा मरयमचं पठण लावा. २ ते ३३ आयती एकाच यमकावर जातात, जकरिया, मरयम, पाळण्यातले ईसा (येशू). ३४ ते ४० ला यमक एकदम बदलतं, आणि तिथेच गोष्ट थांबून ईसांबद्दलच्या वादावर भाष्य आहे. ४१ ला इब्राहीम आले की जुनं यमक परत. अर्थ कळला नाही तरी हा बदल ऐकू येतोच.