पालो अल्टोला जाशील तेव्हा

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला बिऱ्हाड लागलं, वाचून बरं वाटलं. हरिश्चंद्रगडाची जलरंगातली चित्रंही पाहिली. हात सफाईदार झालाय. पण सगळी फोनमधल्या फोटोंवरून केलीस ना? कोकणकड्याच्या सावलीत एकसारखा काळा भरलायस. कॅमेऱ्याला सावली तशी दिसते. तिथे जाऊन बसलीस तर तिच्यात निळा, जांभळा, खालून परतलेला तांबूस उजेडही दिसेल.

म्हणून एक काम सांगतो. तुझ्या जवळच, पालो अल्टोत ‘द फॉस्टर’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे एकाच चित्रकाराची रानावनातली जलरंगचित्रं आहेत. टोनी फॉस्टर, जन्म १९४६, राहणार इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. ग्रँड कॅन्यन, एव्हरेस्ट, कोस्टा रिकाचं वर्षावन, ज्वालामुखी, निसर्गलेखक जॉन म्यूरच्या कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगा अशा ठिकाणी चालत जाऊन, मुक्काम टाकून तो रंगवतो. उघडं आहे ना आणि वेळा काय, ते आधी बघून जा.

गेल्यावर सगळ्या भिंती उरकू नकोस. एका मोठ्या चित्रापुढे तासभर थांब. त्याची काही चित्रं चांगली पुरुषभर लांबीची आहेत. एवढा कागद उघड्यावर भरायचा म्हणजे काय, ते तुला कळेल. कोरड्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरायच्या आत वाळतो, थंडीत पाणी गोठतं, आणि ऊन सरकलं की सावल्या हलतात. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तिथेच बसायचं. मोठी चित्रं तो घरी, स्टुडिओत पुरी करतो. त्यात लबाडी काही नाही, पाहणं आधी झालेलं असतं.

चित्राच्या कडेला हस्ताक्षरातल्या नोंदी असतात, खाली नकाशाचा तुकडा, दगड, पीस असल्या वस्तू चौकटीत बसवलेल्या. त्यांना तो ‘सुव्हेनिर’, म्हणजे आठवणीच्या वस्तू, म्हणतो. मला त्या नोंदी कधीकधी जरा जास्तच वाटतात, चित्र पुरेसं बोलत असतं. पण तू त्या वाच. हवा, वेळ, मुक्काम कसा टिपायचा ते शिकण्यासारखं आहे.

जलरंगांच्या दालनात उजेड मंद असला तर कुरकुरू नकोस. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (प्रकाशाचं माप) एवढाच मंद प्रकाश देतात. उडालेला रंग परत येत नाही. जुना अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल तर फार लवकर उडतो. तुझ्या पेटीतल्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण आहे का, तेवढं बघ. आणि घरातली चित्रं खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढ.

फॉस्टरची नक्कल मात्र करू नकोस. चार सुव्हेनिर चिकटवून चित्राला वजन येत नाही. सिएरा तुझ्यापासून गाडीने चार-पाच तासांवर आहे. छोटी वही, सहा रंग आणि बसायला घडीची खुर्ची घे. फोन गाडीत ठेव. डिसेंबरात घरी येशील तेव्हा ती वही आण, बिघडलेली पानं न फाडता.

तुझे सर