मोजा काढून दाखवा

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४१. नऊ महिन्यांपूर्वी ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि उजव्या घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, दुखणं मात्र गेलं नाही. उलट आता ते वेगळंच झालंय. पावलाच्या वरच्या भागाची आग होते, मधूनच करंट लागल्यासारखी कळ जाते. रात्री चादरीचा काठ लागला तरी दचकून उठते. कधी पाऊल गार आणि जांभळट पडतं, कधी लालबुंद आणि गरम. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, वेळ लागतो. दुसऱ्यांनी पुन्हा एक्स-रे काढला आणि म्हणाले, एकदम छान आहे. तिसऱ्यांनी तोच एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं, "मनावर घेऊ नका." पेनकिलर अजून चालूच आहेत. आता घरातलेही म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना? मला भास होतायत का? डॉक्टरांना पटवायचं तरी कसं? तिघांपैकी एकानेही मला मोजा काढायला सांगितलं नाही.

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी अडलो. मी हाडांचा डॉक्टर, तीस वर्षं ओपीडी केली. "एक्स-रे छान आहे" हे वाक्य किती जणांना ऐकवलं याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या कितीजणांच्या पायात मोजा तसाच होता याचा हिशेब न काढलेलाच बरा. बाहेर रांग असते, हातात फिल्म असते, हाड सरळ जुळलेलं असतं. आपलं काम झालं असं डॉक्टरला मनापासून वाटतं. पण एक्स-रेने उत्तर दिलेलं असतं ते "हाड जुळलं का?" या प्रश्नाचं. "पाय का दुखतो?" हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. स्नायुबंध, कूर्चा, नसा दिसत नाहीत. शिवाय चित्र आणि दुखणं यांची जोडी आम्ही समजतो तेवढी घट्टही नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या धड असलेले फक्त ३६ टक्के निघाले. चित्रात बिघाड असून न दुखणारे असतात, तसेच चित्र स्वच्छ असून दुखणारेही असतात. भास त्यांनाही होत नसतात आणि तुम्हालाही होत नाहीत.

पत्रावरून निदान करायचं नसतं, तेव्हा हे निदान समजू नका. पण आग, चादरीचा स्पर्श सहन न होणं, रंग आणि तापमान बदलणं हे सगळं एका पायात, प्लास्टरनंतर, एकत्र आलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमचं. इजा भरून आल्यावरही त्या हातापायात इजेच्या मानाने खूपच जास्त दुखणं उरतं, तो हा आजार; डॉक्टर त्याला सीआरपीएस म्हणतात. दुसरी शक्यता म्हणजे घोट्यापुढून पावलावर उतरणारी नस दुखावली किंवा अडकली असावी. दोन्ही एकत्रही असू शकतात.

सीआरपीएस 'दाखवणारी' एकही तपासणी नाही. त्याचे जे निकष जगभर वापरतात त्यांना बुडापेस्ट निकष म्हणतात. त्यांत मुख्यतः चार गोष्टी बघायच्या: स्पर्शाची जाणीव, त्वचेचा रंग व तापमान, सूज किंवा घाम, आणि हालचाल किंवा केस-नखांतला बदल. चारपैकी किमान तीन गटांतली तक्रार रुग्णाने सांगावी लागते आणि किमान दोन गटांतली खूण डॉक्टरला तपासताना स्वतःला दिसावी लागते. शिवाय या सगळ्याचा उलगडा करणारा दुसरा आजार नाही ना, हेही बघावं लागतं. आता सांगा, मोजा न काढता यातलं काय दिसणार? दोन्ही पावलं उघडी, शेजारी-शेजारी ठेवून, हाताच्या मागच्या बाजूने तापमान चाचपायचं, कापसाचा बोळा आधी चांगल्या पायावरून आणि मग दुखऱ्या पायावरून फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुखणं नवीन नाही, बरं का. अमेरिकेतल्या यादवी युद्धात नसांना गोळी लागलेल्या सैनिकांबद्दल वेअर मिचेल या डॉक्टरने १८६४ साली लिहून ठेवलंय. जखम भरल्यानंतरही त्यांच्या हातापायांची अशी आग व्हायची की काहीजण हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

आता पटवण्याबद्दल. "खूप दुखतं" ही सुरुवात सोडून द्या. ते वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा ऐकतो आणि कान आपोआप मिटतात. माझ्याकडे एक बाई यायच्या, मनगट मोडलेल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी बोलण्याआधी टेबलावर वहीचं एक पान ठेवलं. त्यावर 'असह्य', 'भयंकर' असा एकही शब्द नव्हता. 'बादली उचलता येत नाही. वेणी घालताना तीनदा थांबते. पहाटे चारला उठते, पुन्हा झोप नाही. थंड पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत कळ.' अशा आठ-नऊ ओळी. ते पान वाचून मी पहिल्यांदा त्यांचा हात नीट हातात घेतला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तसं पान तुम्ही करा. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकावे लागतात का, कुठला बूट घालता येत नाही, किती मिनिटं उभं राहता येतं, हे लिहा. रंग बदलतो त्या क्षणी दोन्ही पावलांचा एकत्र फोटो फोनवर काढून ठेवा, कारण दवाखान्यात नेमकं पाऊल शहाण्यासारखं वागतं. आणि आत गेल्यावर खुर्चीत बसता बसता स्वतःच दोन्ही मोजे काढा. कुठला डॉक्टर घाला म्हणणार नाही.

मग हे दोन प्रश्न याच शब्दांत विचारा: "हाड सोडून दुसरं काय असू शकतं?" आणि "सीआरपीएस किंवा नसेचा त्रास नाही, हे कशावरून ठरवलंत?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना डॉक्टरला पायाकडे बघावंच लागतं. तरीही कोणी फिल्मच उजेडावर धरली, तर कागद गोळा करून पेन क्लिनिकची, म्हणजे न जाणाऱ्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या विभागाची, चिठ्ठी मागा. तिथे बहुधा भूलतज्ज्ञ भेटतील. शुद्धीवरच्या माणसाला भूलतज्ज्ञ कशाला, असं वाटेल; पण ही शाखा उभी केली तीच जॉन बोनिका नावाच्या भूलतज्ज्ञाने. शिकताना पैशांसाठी तो कुस्त्या खेळायचा आणि पुढे स्वतः जन्मभर अंगदुखीने बेजार होता.

नेहमीच्या पेनकिलर सूज आणि ठणका कमी करतात, नसेच्या आगीवर त्या फारशा चालत नाहीत. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि किडनी दोघांना महाग पडतात. त्या अजून घ्यायच्या का, हे याच भेटीत विचारा. नसेच्या दुखण्यावर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात. यातली काही नैराश्यावरही देतात. बरेच रुग्ण घरी जाऊन औषधाचं नाव शोधतात, 'डिप्रेशन' वाचतात आणि "मला वेडं ठरवलं" म्हणून गोळी कचऱ्यात टाकतात. तसं करू नका. अमिट्रिप्टिलिन तर नसेसाठी नैराश्याच्या मानाने बऱ्याच कमी मात्रेत देतात. मात्र यातली कुठलीही गोळी स्वतःहून सुरू करू नका.

औषधांपेक्षा माझा भरवसा फिजिओथेरपीवर जास्त. दुखतं म्हणून पाय जपून ठेवणं हे यात सर्वांत वाईट. स्पर्शाची सवय लावायची असते: आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल, रोज थोडा थोडा वेळ. चांगल्या पायाचं प्रतिबिंब आरशात बघत दोन्ही पाय हलवायचा व्यायामही असतो. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण मेंदूला त्या पायाची धास्ती बसलेली असते, ती अशाने कमी होऊ शकते. शिकून घ्या, मग घरी करा. फरक आठवड्यांनी कळतो, कधी महिन्यांनी.

पोटरी अचानक सुजली, दम लागला, ताप येऊन पाय लाल झाला किंवा पाऊल वर उचलता येईना, तर मात्र पान-बिन लिहीत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

राहिले घरातले. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, स्वतःची जागा आहे. इजेनंतर उरलेलं दुखणं त्यात वेगळं नोंदलेलं आहे. हे त्यांना सांगून बघा. नाहीच पटलं, तर पुढच्या भेटीला त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या आणि कापसाचा बोळा पायावरून फिरत असताना तुमच्या तोंडाकडे बघायला सांगा.