माळ्यावरची गिटार खाली काढताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉलेजात असताना रोज गिटार वाजवायचो. नंतर नोकरी-संसारात पंधरा-सोळा वर्षं ती माळ्यावर पडून राहिली. आता काढली तर तारा गंजलेल्या, आणि साधी जी कॉर्ड धरली तरी बोटं ठणकतात. नवीन गिटार घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एवढ्यात नको. इतक्या वर्षांनी परतणारे लोक आपल्या बोटांना बोल लावतात, पण खोट बहुधा गिटारमध्ये असते. बारा नंबरचा संच (बारीक तार 0.012 इंच) सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो. एवढ्या ताणात ती वर्षानुवर्षं उभी राहिली तर मान पुढे झुकते, ब्रिजच्या (खोक्यावर तारा जिच्यावरून जातात त्या लाकडी पट्टीच्या) मागची फळी फुगते आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात.

तारा बदलण्याआधी गिटार तपासा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साध्या कागदाचा कोपरा सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याचं, घरी फेव्हिकॉल भरत बसू नका, कारण जुना डिंक पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा धरत नाही. ब्रिज घट्ट असेल तर जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे खोक्याला मिळते त्या (बहुतेक चौदाव्या) फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट योग्य. त्याहून जास्त असेल तर मान वाकली आहे, ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, आवळावा लागेल. त्याचं तोंड गोल भोकाच्या आत किंवा नटच्या (मानेच्या टोकाशी तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) वर छोट्या झाकणाखाली असतं. तारा थोड्या सैल करा, ॲलन की बरोबर मापाची घ्या (बहुधा 4 किंवा 5 मि.मी.), घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या, तारा परत सुरात आणा आणि पुन्हा मोजा. एका बैठकीत पाव फेऱ्यापुढे जाऊ नका. रॉड हलतच नसेल तर जोर लावू नका. आटे गेले तर दुरुस्ती साध्या गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

मान सरळ झाली की मग उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेला साधारण 2.5 मि.मी. आणि बारीक तारेला 2 मि.मी. असेल तर वाजवायला सुखाचं. पडून राहिलेल्या गिटारवर हे माप 4 मि.मी.पर्यंत गेलेलं सापडतं, आणि बोटं ठणकतात ती त्यामुळेच. उंची कमी करायला सॅडल, म्हणजे ब्रिजच्या खाचेतली पांढरी पट्टी, बाहेर काढून तिचा तळ घासायचा. बाराव्या फ्रेटवर 1 मि.मी. उतरवायचं तर सॅडल 2 मि.मी. घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पट्टी उभी धरून घासा. तळ तिरका झाला तर एखादी तार दबक्या आवाजात बोलते. घासून झाल्यावर पट्टीचा निदान 2-3 मि.मी. भाग ब्रिजच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तारेचा सॅडलवरचा दाब जातो आणि आवाज मरतो. एवढी जागा शिल्लक नसेल तर मात्र मानेचा कोनच बदलावा लागतो. स्वस्त गिटारवर तो खर्च करू नये, तेव्हा खुशाल नवीन घ्या.

प्रश्न : वडिलांची जुनी कोलकाता बनावटीची गिटार आहे. तारा ब्रिजवरून जाऊन खाली पत्र्याला अडकतात. नव्या तारा लावायला सगळ्या जुन्या काढल्या तर ब्रिजच हातात आला! तो परत बसवला, पण आता वरच्या फ्रेटवर सगळं बेसूर लागतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रिज तुटलेला नाही. टेलपीसच्या (तारा अडकवायचा तो पत्रा) गिटारमध्ये तो फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. चिकटवू नका! नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत अंतर मोजा, बाराव्या फ्रेटपासून तेवढंच अंतर पुढे घ्या, आणि ब्रिज बारीक तारेच्या बाजूला त्याच्याही मागे सुमारे 2 मि.मी., जाड तारेच्या बाजूला 4-5 मि.मी. ठेवा. म्हणजे तो किंचित तिरका दिसेल, आणि तो तसाच हवा. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढायला हे जास्तीचं अंतर लागतं.

मग मोबाइलवरचा ट्यूनर लावून बारीक तार बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून छेडा, आणि नंतर तिथेच दाबून छेडा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरा आला तर मानेकडे. प्रत्येक वेळी तार जरा सैल करूनच सरकवा, नाहीतर ब्रिजचे पाय पॉलिशवर ओरखडे पाडतात. बारीक आणि जाड तार जुळली की मधल्या चार तारा बऱ्यापैकी जुळतात. जागा सापडली की ब्रिजच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची हलकी खूण करा आणि यापुढे तारा एकेक करून बदला.

प्रश्न : गिटार दुरुस्त करून आणली, तरी बोटांची टोकं दहा मिनिटांत लाल होतात. कातडी पुन्हा घट्ट व्हायला किती दिवस लागतात? आणि सरावाची सुरुवात कशाने करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन ते चार आठवडे, तेही रोज वाजवलंत तर. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोज दहा-दहा मिनिटं तीनदा बसा. आंघोळीनंतर किंवा भांडी घासून झाल्यावर लगेच नको, कातडी मऊ असते आणि सोलली जाते. सोलली की पहिल्यापासून सुरुवात. बोटाच्या टोकांना झटपट चिकटणारा गोंद लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा. सुरुवातीला दहा नंबरचा संच लावा (बारीक तार 0.010 इंच, जाड 0.047). त्याचा ताण 60 किलोच्या आसपास असतो आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. कातडी तयार झाली की अकरावर जा.

आणखी एक तपासणी करा. मधल्या बोटाने कुठलीही तार फ्रेटच्या अगदी मागे दाबा, उजव्या हाताने छेडत राहा आणि डाव्या बोटाचा जोर हळूहळू कमी करा. तार खरखरायला लागली की तिथून केसभर जास्त जोर, बस्स. जुनी सवय आणि घाई यांत माणूस याहून कितीतरी जास्त दाबत असतो.

सरावात पहिला आठवडा जुनं गाजवलेलं लीड काढू नका. डोक्याला सगळं आठवत असतं, हात मागे असतात, आणि चिडचिड होऊन गिटार पुन्हा माळ्यावर जाते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एका तारेवर चार बोटं क्रमाने, दर ठोक्याला एक स्वर, सहाही तारांवर वर-खाली. मग एका मिनिटात जी ते सी किती वेळा स्वच्छ बदलता येतं ते मोजा. तीसच्या पुढे गेलं की ती जोडी झाली. मग सी-डी, ई मायनर-ए मायनर. गाणी याच जोड्यांमधून निवडा.

प्रश्न : वय 52. एफची बार कॉर्ड (तर्जनी आडवी टेकवून सगळ्या तारा दाबायच्या ती) धरली की पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, आणि दोन-तीनदा रात्री बोटांना मुंग्या आल्या.
– एक वाचिका, पुणे

उत्तर : मुंग्यांचं आधी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, विशेषतः रात्री, बधिर होत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हे सरावाने जात नाही, वाढतं.

कळेचं कारण बहुधा चिमटा. अंगठ्याने मागून आवळून बार धरायची नसते, हाताचं वजन मागे ओढून धरायची. खात्री करायला अंगठा मानेवरून पूर्ण उचला, उजव्या कोपराने गिटार अंगाशी धरा आणि बार वाजवून बघा. वाजते. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलती ठेवा, म्हणजे पेरांच्या खोबणीत तारा अडकत नाहीत. मनगट सरळ राहावं म्हणून गिटारचा पट्टा बसूनही लावा, मान थोडी वर उचलली जाते. आणि बार पहिल्या फ्रेटवर शिकू नका, नट जवळ असल्याने तार तिथे सगळ्यात ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर हाच आकार धरा (ती ए कॉर्ड होते), आठवड्याला एकेक फ्रेट खाली या. एवढं करूनही पहिल्याच फ्रेटवर अडत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, त्या दुकानातून खोल करून घ्या. तोवर एफऐवजी एफ मेजर सेव्हन वाजवा, बारीक तार मोकळी सोडून. भावगीतात ती उलट गोड लागते.

प्रश्न : आमच्या घरी पेटीवर सराव चालतो. बहीण काळी चारमध्ये गाते, मी जुन्या सवयीने जी-सी-डी वाजवतो. मेळ बसत नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कॅपो घ्या, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड. काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जीचेच आकार वाजवा, काम झालं. याच हिशोबाने पहिल्या फ्रेटवर सीचे आकार म्हणजे काळी एक, डीचे म्हणजे काळी दोन, एचे म्हणजे काळी पाच. काळी तीनला एफचे आकार लागतील, त्यापेक्षा कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि आकार ईचे.

मात्र आधी गिटार पेटीला जुळवून घ्या, ट्यूनरला नाही. ट्यूनर ए हा सूर 440 हर्ट्झ धरून चालतो आणि जुन्या पेट्या त्याच्या जराशा वर किंवा खाली असू शकतात. पेटीची ए दाबून ठेवा, पाचवी तार तिच्याशी कानाने मिळवा आणि बाकीच्या त्यावरून लावा. कॅपो फ्रेटला चिकटून, त्याच्या लगेच मागे लावा, आणि लावल्यावर पुन्हा एकदा सूर बघा. जास्त ताणाच्या कॅपोने जाड तारा हमखास चढतात.

तुमच्याकडे दमट हवा, तेव्हा वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालून पुसा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जून-जुलैत लाकूड फुगून तारा पुन्हा उंच वाटल्या तर लगेच सॅडल घासायला जाऊ नका, दिवाळीनंतर मोजा.