फुलपाखरांतील जिवाणू दुसऱ्या जातीत कसे जातात?

प्रश्न : आमच्या अंगणातील कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरे अंडी घालतात. फुलपाखरांच्या पेशींत ‘वोल्बाकिया’ नावाचे जिवाणू राहतात आणि परस्परांशी दूरचेच नाते असलेल्या जातींतही ते सारखे आढळतात, असे वाचनात आले. त्या जातींचा संकर होत नसताना हे कसे घडते? एकाच फुलातील मध प्याल्याने लागण होते का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ‘लागण’ या शब्दाने येथे थोडी दिशाभूल होते. वोल्बाकिया मुख्यतः आईच्या अंड्यातून संततीकडे जातो. शुक्रपेशीतून तो सहसा पुढे जात नाही, त्यामुळे नरात पोहोचलेल्या जिवाणूचा वंश तेथेच खुंटतो. काही जातींत तर तो नरांना अंड्यातच मारतो. आपल्याकडेही दिसणाऱ्या ‘हायपोलिम्नास बोलिना’ या फुलपाखरात सामोआच्या बेटांवर २००१ मध्ये नर जेमतेम एक टक्का उरले होते; या जिवाणूला निष्प्रभ करणारे जनुक पसरले आणि २००६ पर्यंत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले.

जवळच्या जातींत क्वचित संकर होतो आणि आईच्या बाजूने मायटोकाँड्रियासह (पेशीला ऊर्जा पुरवणारे, आईकडूनच येणारे घटक) हा जिवाणूही दुसऱ्या जातीत शिरतो. केवळ मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून जात ठरवणाऱ्यांची त्यामुळे फसगत होऊ शकते.

दूरच्या जातींसाठी परजीवी गांधीलमाशीचा मार्ग मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो. नाशिकच्या टोमॅटो उत्पादकांना ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींच्या नियंत्रणासाठी शेतात लावायचे परजीवी माशीचे कार्ड, परिचित आहे. त्यातून निघणारी इवलीशी माशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. असा यजमान मेला, तर जिवाणूला त्याच्या वंशात स्थान मिळणे शक्यच नाही. म्हणून महत्त्व आहे ते फसलेल्या टोचणीला : पांढऱ्या माशीवरील प्रयोगांत, जिवाणू असलेल्या पिल्लाला टोचून आलेल्या परजीवी माशीने दुसऱ्या, जिवाणूमुक्त पिल्लाला नुसते टोचले, अंडे घातले नाही, तेव्हा वाचलेल्या पिल्लात जिवाणू रुजला आणि पुढील पिढ्यांतही उतरला. दूषित सुईसारखेच हे काम झाले.

तुमच्या फुलाच्या शंकेच्या सर्वांत जवळ जाणारा पुरावाही पांढऱ्या माशीचाच आहे. कपाशीच्या पानात शोषलेल्या रसाच्या वाटेने शिरलेला वोल्बाकिया त्याच पानावरील दुसऱ्या माशीत पोहोचल्याचे दिसले आहे; मात्र तो पानातील रस होता, फुलातील मध नव्हे.

अशा उड्या विरळच. पण नव्या जातीत एकदा पाय रोवला की अनेकदा जिवाणू स्वतःच आपली वाट रुंद करतो : बाधित नराशी मीलन झालेल्या जिवाणूमुक्त मादीची अंडी वाया जातात, बाधित मादीची मात्र जगतात, आणि पिढीगणिक बाधित माद्यांचाच वंश वाढत जातो.