कर्जाचं नंतर बघू, आधी पाणी कुठवर आलं होतं ते सांगा

प्रश्न : माझं वय ४६. खासगी नोकरी, हातात महिना १ लाख १५ हजार येतात. पत्नी शाळेत शिक्षिका, तिचा पगार ३२ हजार. मुलगा दहावीत आहे. सध्या धनकवडीत २१ हजार भाड्याने राहतो. सिंहगड रोडला विठ्ठलवाडीजवळ, नदीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचा नऊ वर्षं जुना टू बीएचके ७८ लाखांना ठरवला आहे. मुख्य रस्त्यालगत असाच फ्लॅट ९० ला जातो. गॅलरीतून नदी दिसते, वारा छान येतो. २०२४ मध्ये पाणी फक्त पार्किंगमध्ये आलं होतं आणि तसा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, असं एजंट म्हणाले. मेट्रो आल्यावर पाच वर्षांत भाव दुप्पट होईल असंही ते सांगतात. १ लाख विसार दिला आहे, करारनामा पुढच्या महिन्यात. बँक ६२ लाख कर्ज द्यायला तयार आहे, सोबत २ लाख १० हजारांचा एकरकमी विमा घ्यावा लागेल. म्युच्युअल फंडात २४ लाख, एफडी ८ आणि पीपीएफ ९ लाख आहेत. फंड मोडून कर्ज कमी करावं का? मुदत १५ वर्षं ठेवावी की २०?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका परिच्छेदात होतं, ते आधी देतो. फ्लॅट ७८ चा असला तरी तुमचा खर्च ८५ चा आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी साडेपाच लाख, नोंदणी फी ३० हजार, दलाली, रंगरंगोटी, वायरिंग. फंड आणि एफडी दोन्ही मोडून कर्ज कमी केलंत, तर मुलगा अकरावीत जाताना हाताशी फक्त पीपीएफ उरेल. तेव्हा घर योग्य असेल तर साधारण ६० लाख कर्ज, वरचे २५ फंडातून आणि थोडे एफडीतून, उरलेली एफडी अडीअडचणीला. मुदत २० वर्षं. ८ टक्के दराने हप्ता ५० हजार बसतो. तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला तर तेरा-एक वर्षांत, म्हणजे निवृत्तीच्या आत, कर्ज संपतं. तरत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही.

पण हे सगळं ‘घर योग्य असेल तर’ या अटीवर. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दर, मुदत, फंड यावर बारा ओळी विचार केलात आणि ‘पाणी फक्त पार्किंगमध्ये आलं होतं’ हे एजंटच्या तोंडचं वाक्य तसंच पुढे पाठवलंत. ८५ लाखांच्या व्यवहारातलं सगळ्यात महाग वाक्य तेच आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ २०२४ ला आला, आता थेट २१२४ ला, असा नाही. अर्थ एवढाच की दरवर्षी तशी शक्यता एक टक्का. तुमच्या २० वर्षांच्या कर्जकाळात ती १८ टक्के होते. जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं : लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, निळी पंचवीस वर्षांतल्या. इमारत निळ्या रेषेच्या आत असेल तर २० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. हप्ते फेडत असताना छापा की काटा.

आणि २५ जुलै २०२४ च्या पहाटे जे झालं तो शंभर वर्षांतला पूर होता, हे तुमच्या एजंटला कोणी सांगितलं? त्या वेळी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास पाणी सोडलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून ४५ हजारांच्या घरात सुटलं होतं. म्हणजे २०२४ ला त्याहून कमी विसर्गात सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांना घरं सोडावी लागली. पात्रातला भराव, राडारोडा, शहरात पडलेला पाऊस, वेळेवर न मिळालेली सूचना, कारणांवर भरपूर वाद झाला. तुमच्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच की जुन्या आकड्यांवर विसंबून राहता येत नाही. नदीच कशाला, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात जो हाहाकार केला त्याला धरणाचा एक थेंबही लागला नव्हता. इमारतीच्या मागे ओढा-नाला आहे का, तोही बघा.

‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर’ हा दिलासा फार टिकत नाही. पार्किंगमध्ये काय काय असतं? वीज मीटरचा बोर्ड, लिफ्टचा खड्डा, पंप, जनरेटर, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि तुमची गाडी. पुराचं पाणी एकटं येत नाही, ड्रेनेज घेऊन येतं, आणि ते सगळं टाकीत उतरतं. दुसऱ्या मजल्यावर घर कोरडं राहील, पण वीज, लिफ्ट, पाणी काहीच नसेल. दुरुस्तीची वर्गणी मात्र सगळ्या मजल्यांना सारखी.

याचा लेखी पुरावा आहे. विक्रेत्याकडून सोसायटीचा २०२४-२५ चा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागा. जुलै २०२४ त्यातच येतो. लिफ्ट, पंप, टाकी साफसफाई, वायरिंग यांवर किती खर्च झाला ते एका पानात कळेल. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. वॉचमन, इस्त्रीवाला, खालचा किराणा दुकानदार यांना भिंतीवर हाताने दाखवायला सांगा, पाणी कुठवर होतं. पार्किंगला नुकताच रंग दिला असेल तर हा प्रश्न आधी विचारा.

मग महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्यावरच्या पूररेषा. जमलं तर सिंचन भवनात, जलसंपदा खात्याच्या कचेरीतही चौकशी. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) वकिलाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळजवळ बंद आहे, त्यामुळे इमारत जुनी झाल्यावर पुनर्विकासालाही अटी आड येतात. अनधिकृत असेल तर विषयच संपला. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. त्या लोकांनीही पैसे मोजूनच घेतले होते.

बारा लाख वाचले असं तुम्ही धरून चाललात. वाचले नाहीत. विकायला जाल तेव्हा समोरचाही हेच विचारणार आणि हेच बारा लाख, कदाचित जास्त, कापणार. मधल्या काळातली गैरसोय तुमची.

आता भाव दुप्पट. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी १५ टक्के. ७८ चे १ कोटी ५६. नऊ वर्षं जुनी इमारत तेव्हा चौदा वर्षांची असेल, आणि पूर आलेल्या गल्लीत दीड कोटी मोजणारा माणूस एजंटने आत्ताच आणून दाखवावा. खडकवासला-खराडी मेट्रोला मंजुरी आहे, पण मंजुरी आणि पहिली गाडी यांत किती वर्षं जातात हे पुणेकराला मी सांगायला नको.

तुम्ही फ्लॅट कधी पाहिलात ते लिहिलं नाहीत. एजंट बहुधा रविवारी दुपारी नेतात, रस्ता मोकळा असतो तेव्हा. तुम्ही सोमवारी सकाळी साडेआठला घरातून निघून ऑफिस गाठून बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला त्या गॅलरीत अर्धा तास बसा. पाणी आटल्यावर मुठेत मुख्यतः काय वाहतं ते नाकाला कळतं, जलपर्णी असेल तर डासही. तो छान वारा तिथूनच येतो.

पाण्याचं बिलही बघा. पालिकेचं पाणी रोज किती वेळ येतं, टँकर किती लागतात? १०० फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला चार टँकर, दर १,२०० धरला तरी महिन्याला दीड लाखाच्या जवळ, म्हणजे घरटी १,४००. हे मेंटेनन्सच्या वर. नदीकाठ टाळून नांदेड, किरकटवाडीकडे वळलात तरी हा प्रश्न सुटत नाही. ही गावं २०२१ मध्ये पालिकेत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण राहवत नाही. गृहकर्जासाठी आयुर्विमा कायद्याने सक्तीचा नाही. २ लाख १० हजार कर्जात घातले की २० वर्षांत त्यांचे ४ लाख २० हजार होतात, आणि अशा पॉलिसीत कर्जासोबत संरक्षणही बहुधा घटत जातं. ‘घ्यावा लागेल’ हे बँकेकडून लेखी मागा, भाषा बदलेल. साधा टर्म विमा ६० लाखांचा, साठाव्या वर्षापर्यंत, स्वतः घ्या. तब्येत ठीक असेल तर वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या आसपास पडेल. गंमत म्हणजे नदीकाठच्या घराला लागतो तो विमा, पुरासकट घराचा, बँकेने सुचवलेलाच नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी बहुतेक सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. कुठलंही घर घेतलंत तरी ती घ्याच.

माझं मत विचाराल तर हा फ्लॅट सोडा. विसार पावतीत काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. पुराची बाब लपवली असेल तर परत मागायला आधार मिळू शकतो. नाहीच मिळाला तर लाख गेला, ८४ राहिले. त्या भागातच राहायचं असेल तर मुलाची दहावी संपली की मुख्य रस्त्याच्या बाजूला अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्या आणि एक पावसाळा काढा. तुमच्या ८५ लाखांवर २१ हजार भाडं म्हणजे तीन टक्के पडतं, त्यामुळे थांबण्याची किंमत फारशी नाही. तोवर फंड विकू नका आणि करारनाम्याची तारीख देऊ नका.