गणितात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाशी काय बोलावे?

स. न. वि. वि.

कर्वेनगरहून पाठविलेले आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञानला असलेला आपला मुलगा गणितात 29 गुण मिळून अनुत्तीर्ण झाला, बाकीचे विषय सुटले. मात्र निकालापासून तो खोलीबाहेर फारसा येत नाही, त्याचे वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत, आणि ‘तुझ्यात क्षमता आहे, तू फक्त मेहनत कर’ असे आपण रोज समजावूनही उपयोग होत नाही, असे आपण लिहिले आहे. त्याला पुरवणी परीक्षेला बसवावे की शाखाच बदलावी, असे आपण विचारता.

त्याआधी आपल्या त्या रोजच्या वाक्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण ते मायेने म्हणता, परंतु मुलगा त्याचा अर्थ असा लावतो की मेहनत करूनही पुन्हा गुण कमी पडले, तर आपल्यात क्षमताच नव्हती हे सर्वांसमोर सिद्ध होईल. मग अभ्यासाला न बसणे हेच त्याला सुरक्षित वाटू लागते. पुष्कळ पालक ज्याला आळस समजतात, तो अनेकदा ही भीती असते.

म्हणून क्षमतेचा विषय काही दिवस बाजूला ठेवावा आणि मंडळाच्या संकेतस्थळावरून उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करावा. त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि पुनर्मूल्यांकन हवे असल्यासही आधी छायाप्रत घ्यावीच लागते. ती हाती आली की त्याच्या शेजारी बसून, एकही शेरा न मारता, पाने उलटावीत. गणिताची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि तिच्या शेवटच्या विभागात चार-चार गुणांची पाच उदाहरणे सोडवायची असतात. ती पाने कोरी असतील, तर तो वेळेत मागे पडला की ते प्रकरणच त्याने सोडून दिले होते, हे त्यालाच विचारावे. उदाहरणे सोडवलेली असून समाकलनात (इंटिग्रेशनमध्ये) चिन्हे चुकली असतील, तर त्यावरचा उपाय निराळा आहे. ‘मी गणितात कच्चा आहे’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘माझे समाकलन कच्चे आहे’ म्हटले की निदान उद्या सकाळी काय उघडायचे ते कळते.

वडिलांनाही हे पत्र अवश्य दाखवावे. त्यांचा राग मी समजू शकतो, परंतु त्यांच्या अबोल्यातून मुलाला एवढेच कळते की घरातले आपले स्थान गुणांवर ठरते. त्यांनी निकालाचा विषयही काढू नये. रात्रीचे जेवण त्याच्यासोबत घ्यावे, एवढे पुरे आहे. मावसभावाशी किंवा आणखी कोणाशी त्याची तुलना मात्र घरात कोणीही करू नये. मुलाची झोप आणि जेवण सतत बिघडलेले राहिले किंवा तो जगण्याविषयी निराशेने बोलू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावरही दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आता आपला मूळ प्रश्न. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते आणि एकच विषय राहिला असल्याने तिला बसणे हिताचे आहे, कारण बारावी उत्तीर्ण झाल्यावर शाखा बदलणेही सोपे जाते. अभियांत्रिकीच करायची असेल, तर खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून किमान 45 टक्के लागतात. त्यामुळे केवळ 35 गुणांवर समाधान मानू नये. तो मार्ग दूरचा वाटला, तर दहावीच्या गुणांवर तीन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. यांपैकी काहीही ठरविण्यापूर्वी त्याला एकट्याला विचारावे की विज्ञान शाखा त्याने स्वतः निवडली होती, की दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून ती आपण सर्वांनी गृहीत धरली होती. त्याचे उत्तर मला कळवावे, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.