मिनेसोटा स्टेट फेअरला शाकाहारी आई-वडिलांना न्यावे का?

पुण्याहून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या शाकाहारी आई-वडिलांना सेंट पॉलजवळच्या स्टेट फेअरला न्यावे का, कोणत्या दिवशी न्यावे, आणि तिथे तळलेल्या मांसाखेरीज त्यांच्यासाठी काही असते का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य न्यावे. "तिथे आपल्या माणसांसाठी काय आहे?" हे वाक्य मी आमच्याच घरात वारंवार ऐकलेले असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हा मेळा मुळात शेतीचा आहे. पहिला मेळा 1859 मध्ये भरला, 1885 पासून तो आजच्या जागी भरतो आणि आजही तो राज्याची कृषी संस्थाच भरवते. खाण्याच्या गल्ल्यांतून फिरून परतणाऱ्यांनी मेळा पाहिला, असे मी मानत नाही.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. आई आणि आण्णा इथे आले, तेव्हा माझ्या दिरांनी त्यांना मॉल ऑफ अमेरिकाला नेण्याचा आग्रह धरला. तिथे आण्णा सबंध दुपार एका बाकावर बसून होते. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना मेळ्यातल्या गुरांच्या गोठ्यात नेले. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाईंपाशी येताच "या तर एचएफ" (होल्स्टिन फ्रिजियनचे आपल्याकडचे छोटे नाव) म्हणत ते थांबले, आणि फोर-एच या मुलामुलींच्या संघटनेतर्फे आपली गाय घेऊन आलेल्या एका शाळकरी मुलीला त्यांनी माझ्यामार्फत विचारले की वेत कितवे, दूध किती आणि वैरण कोणती. ती दूध पौंडांत सांगत होती आणि मी लिटर करून देत होते. ती मक्याचा मुरघास घालत असे. आण्णांनी आपल्याकडचे उसाचे वाडे (म्हणजे हिरवे शेंडे), कडबा आणि सरकीची पेंड सांगितली. नुसत्या वाड्यांवर ठेवलेल्या जनावराला कॅल्शियम कमी पडते, म्हणून वाड्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात, हेही सांगितले. ते ऐकून तिने आपल्या वडिलांना हाक मारली आणि आण्णांना सगळे पुन्हा सांगायला लावले. अमेरिकेत आल्यापासून आम्ही नेऊ तिथे गुमान येणारे माझे वडील त्या गोठ्यात जाणकार म्हणून उभे होते, आणि त्यांचे बोलणे दुसऱ्याच्या उपयोगाचे होते. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

आईचे मन रमले ते दुग्धशाळेच्या इमारतीत. तिथे काचेच्या, थंड केलेल्या, सावकाश फिरणाऱ्या खोलीत दुग्धव्यवसायातल्या घरची एक मुलगी जाड कोट घालून बसते आणि शिल्पकार नव्वद पौंडांच्या, म्हणजे सुमारे एक्केचाळीस किलोंच्या लोण्याच्या ठोकळ्यातून तिचा चेहरा कोरतो. लिंडा क्रिस्टेन्सन यांनी 1972 पासून जवळजवळ पन्नास वर्षे हे काम केले. इतके लोणी पुढे वाया जाते की काय, ही आईची काळजी होती. ज्या मुलीचा चेहरा, तीच ते घरी नेते, हे कळल्यावर तिचे समाधान झाले. बियाणे एकेक चिकटवून केलेली चित्रेही दाखवा. माझ्या मते ती मेळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

खाण्याचे म्हणाल, तर भाजलेले कणीस, हवे तितके दूध आणि बिस्किटे यांवर आमचा दिवस व्यवस्थित निघाला. मेळा बारा दिवस चालतो. फोर-एचच्या मुलांची गुरे सुरुवातीच्या दिवसांत असतात, तेव्हा तेच दिवस धरा आणि सकाळी लवकर पोहोचा. मेळ्याच्या आसपासच्या काही वाहनतळांवरून मोफत बसगाड्या सुटतात.

मात्र चालणे फार होते आणि ऑगस्टचे ऊन कडक असते, म्हणून गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची घ्या. काटेकोर शाकाहार असेल तर तळलेले पदार्थ टाळा, कारण तेल वेगळे असेलच असे नाही, आणि चीजसाठी दूध गोठवायला वापरलेले रेनेट प्राण्यापासूनचे तर नाही ना, याचीही चौकशी करा. आई-वडिलांचा शेतीशी काहीच संबंध आला नसेल, तर गोठ्यात अर्धा तास पुरे.

तुमच्या घरीही कोणी मॉलचाच हट्ट धरत असेल, तर मॉल वर्षभर उघडा असतो आणि मेळा लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो, एवढे त्यांना सांगा आणि त्याआधीची तिकिटे काढा.